हॉलंडचा डाव

मूग तोडणीला आला की माझं डोकं फिरतं. श्रावणात लोकांना माहेर आठवतं, झोके आठवतात, पंचमीचे दिंड आठवतात. मला लातूरच्या एका हॉलमधली मॅट आठवते. ही आठवण गोड नाही, आणि वर्षं गेली म्हणून ती गोड होईल अशी काही चिन्हंही दिसत नाहीत.

मूग सकाळीच तोडावा लागतो. उन्हं तापली की वाळलेली शेंग हात लावताच तडकते आणि दाणे मातीत जातात. म्हणून दव असतानाच बाया पदराची ओटी बांधून रानात उतरतात. बोटं काळपट होतात, लुगड्याच्या कडा भिजतात, पाल्याचा हिरवट उग्र वास नाकात बसतो. मध्येच झड लागली तर शेंगेतल्या शेंगेतच मोड येतात, मग ते मूग ना खायचे ना विकायचे. आणि नेमक्या याच दिवसांत शालेय क्रीडा स्पर्धांचं परिपत्रक येतं. आता ते मोबाईलवर येतं. मी उमरग्याला सरकारी कचेरीत कारकून आहे, पण रविवारी सकाळी मुरुमजवळच्या आमच्या गावी जाते आणि शाळेच्या हॉलमध्ये पोरींना ज्युदो शिकवते. यंदाचं परिपत्रक वाचताना कचेरीत शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "वंदना, तुमच्या तोंडावर बारा का वाजले?" मी म्हणाले, पित्त झालंय.

आमच्या वेळी ते परिपत्रक कागदावर यायचं आणि पैलवान सर ते प्रार्थनेच्या वेळी मोठ्यानं वाचायचे. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, तेवढंच. गाव त्यांना पैलवान म्हणायचं, आम्ही पैलवान सर. कान चुरगळलेले, मान नाहीच, डोकं सरळ खांद्यावर ठेवलेलं. जवानीत त्यांनी जत्रांमधून बऱ्याच कुस्त्या मारल्या होत्या आणि गावातली तालीम त्यांच्याच जिवावर चालायची. त्या तालमीत पोरींना बंदी होती. माझ्या वर्गातल्या सुजाताच्या आळीतल्या पोरांनाही तिथं कुणी बोलवत नव्हतं. त्यांना बंदी आहे असं मात्र कुणी म्हणायचं नाही, फरक असला तर एवढाच.

ज्युदोचं तसं नव्हतं. तो शाळेच्या हॉलमध्ये चालायचा आणि तिथं कुणीही यावं. कारण ज्युदो म्हणजे काय हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्यालाही कुणीतरी कुंपण घातलं असतं.

हा ज्युदो आमच्या गावात आला कसा, ही गोष्ट सर दर वर्षी याच दिवसांत सांगायचे. भूकंपानंतर आमच्या भागात नवी घरं बांधायला कुठकुठली माणसं आली होती. त्यांत हॉलंडचा एक इंजिनिअर होता. एका संध्याकाळी तो तालमीच्या दारात येऊन उभा राहिला. मी ज्युदो खेळतो म्हणाला, शर्ट काढला आणि मातीत उतरला.

"एवढा मोठा गडी," सर हात वर करून दाखवायचे, "म्या म्हनलं, ह्याच्या गळ्याला हात पोचायचा न्हाय. सरळ पटात शिरलो. दोनी पाय धरले आन् दिला आडवा!"

इंजिनिअर हसत हसत उठला, अंगाची माती झटकली आणि खुणा करून सांगितलं की आमच्या देशातले चॅम्पियनसुद्धा अगदी हेच करतात. परत गेल्यावर त्यानं सरांना एक कॅसेट धाडली. या गोष्टीतला इंजिनिअर दर वर्षी वाढायचा. मी आठवीत असताना तो सहा फुटांचा होता, दहावीत गेले तेव्हा पावणेसात.

त्या कॅसेटची सरांनी सोलापुरात नेऊन सीडी करून आणली होती. कॉम्प्युटरच्या खोलीत पडदे ओढून आम्ही ती बघायचो. हॉलंडचे ज्युदोतले चॅम्पियन, आणि शेवटी थोडी कुस्तीही. कोण कधीचे, कुठल्या स्पर्धेतले, काही कळायचं नाही. खालची नावं वाचता यायची नाहीत. मग आम्हीच त्यांचं बारसं केलं. एक फारच उंच होता, तो खांब. एक केस नीट विंचरून, इकडंतिकडं न बघता रुबाबात मॅटवर यायचा, धोंड्याच्या महिन्यात सासरी आल्यासारखा. तो जावई. आणि एक दणकट दंडांची बाई होती, समोरचीला असं काही दरडावून बघायची की आम्ही तिला पाटलीण म्हणायला लागलो. सुजाताचा जीव पाटलिणीवर होता.

"आपल्या मराठवाड्याहून ल्हान देश हाय," सर सांगायचे. "निम्मी जमीन समुद्राच्या खाली. बांध घालून ऱ्हात्यात लोकं. आन् आपल्यात त्याच बांधावरनं डोकी फुटत्यात."

आम्ही हसायचो. मग तो प्रसंग यायचा. समोरचा जपानी गडी खांबाची कॉलर धरायला हात वर करतो, आणि खांब एकदम खाली जातो. दोन्ही हातांनी त्याचे गुडघे मागून कवळतो, खांदा पोटात घालतो आणि गडी पाठीवर. सर तिथं सीडी थांबवायचे. मागं घ्यायचे. पुन्हा लावायचे.

"हे काय हाय? सांगा!"

"पट, सर!"

"आपला पट! आपल्या मातीतला! आन् करतंय कोन? हॉलंडचा चॅम्पियन!"

त्या वेळी त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. आयुष्यभर चड्डी-लंगोटातली गावंढळ विद्या म्हणून ज्याची टर उडवली गेली, तेच कुणीतरी दूरदेशी पांढऱ्या स्वच्छ कपड्यात करत होतं आणि त्यावर टाळ्या पडत होत्या. त्या टाळ्या सरांना आपल्याच वाटायच्या. मी त्यांना त्याबद्दल दोष देत नाही. दोष देण्यासारखं पुढं बरंच आहे.

मॅट नव्हत्या. सोयाबीनचं भुसकट पोत्यात भरून पोती शिवायची, वर ताडपत्री ताणायची, झाली मॅट. पडलं की खालून भुसकटाची धूळ उडायची आणि दिवसभर शिंका यायच्या. ज्युदोचे अंगरखे मुरुमच्या शिंप्यानं जाड मांजरपाटाचे दुहेरी शिवून दिले होते. असे तीन होते आणि पोरी आठ. ज्या दिवशी धुवायची पाळी माझी असायची त्या दिवशी आई विचारायची, "आज कुनी घातला हुता?" मी सुजाताचं नाव घेतलं की तो अंगरखा वेगळ्या बादलीत जायचा, परसात, भिंतीकडेला. आईनं कधी वाईट शब्द काढला नाही. बादली मात्र न चुकता वेगळी काढायची. आणि सुजाताची आई आमच्याच रानात मूग तोडायला असायची. मुगाला तिचा हात चालत होता. मी हे सगळं बघत होते आणि मला त्यात काही विचित्रही वाटत नव्हतं, हे आज लिहिताना लाज वाटते.

सुजाता बुटकी होती. मनगटं रुंद, हसणं मोठं, आणि बोलणं फटकळ. तिचा पट म्हणजे काय ते मी अनुभवानं सांगते: तुम्ही उभे असायचात आणि मग नसायचात. मध्ये काय झालं ते कळायचं नाही. मी तिच्याहून एक वजनगट वर, अंगानं जड, तरी भुसकटाच्या पोत्यावर माझी पाठ तिनं शंभरदा टेकवली असेल.

"तू लई इचार करतीस, वंदे," हात देऊन उठवताना ती म्हणायची. "तवर माझं काम हुतं."

तिचे वडील गवंडी होते. घरात बाबासाहेबांचा फोटो, आणि त्याच्या खाली एका खिळ्याला सुजाताची प्रमाणपत्रं दोऱ्यात ओवून टांगलेली. आमच्या घरी माझी प्रमाणपत्रं गव्हाच्या कोठीवर पडलेली असायची. सुजाताला शिकवायचं हे त्यांचं पक्कं होतं, फक्त गावची शाळा दहावीला संपत होती.

"वसतिगृह मिळालं तर शिकंल तितकं शिकीवतो," ते सरांना म्हणाले होते. "पर रोज एकटीनं बसनं जानं-येनं, ते मला पटत न्हाय. माझं बिऱ्हाड कामाच्या मागं फिरतंय, घरी कोन असतंय बघाया?"

त्यावर सरांनी मार्ग काढला होता. विभागात पहिली आलेली पोर राज्याला जाते. राज्याला चमकली की सरकारी क्रीडा वसतिगृहात जागा. राहणं, खाणं, कॉलेज, सगळं तिथंच. तेव्हा सुजाताच्या शिक्षणाचा सगळा भार त्या एका पटावर होता, आणि हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तिला तर सर्वांत जास्त.

जिल्ह्याची स्पर्धा झाली. आमचं धाराशिव तेव्हा उस्मानाबाद होतं. मी पहिल्याच कुस्तीत हरले. सुजातानं तीन कुस्त्या मारल्या, तिन्ही पटावर. तिथले पंचही सरांसारखेच मातीतले गुरुजी होते. तिसऱ्या कुस्तीला तर एकानं मांडीवर थाप मारून "वा!" म्हटलं. लातूरला विभागाच्या स्पर्धेसाठी मला बरोबर नेलं ते खेळाडू म्हणून नव्हे. पोरीबरोबर पोर पाहिजे, एकटी पोर सरांबरोबर कशी पाठवायची, म्हणून. त्या दिवशी घरी मूग तोडणी चालू होती आणि आई माझ्यावर खवळली होती.

लातूरच्या हॉलमध्ये खऱ्या मॅट होत्या. सुजातानं आधी त्यावर हात फिरवून बघितला, मग अनवाणी दोन उड्या मारल्या आणि माझ्याकडं बघून हसली. वजनं झाली. ती एका बाजूला अंग गरम करत होती, दुसऱ्या शाळेच्या एका पोरीला धरून पटाची सवय करत होती. मी पाण्याची बाटली घेऊन सरांच्या शेजारी उभी होते. तेवढ्यात एक पंच आमच्याकडं आले. पांढरे केस, जाड चष्मा, बोलणं मऊ.

"सर, ती तुमची मुलगी का? फार चांगली आहे. पण तिला पायाला हात लावू देऊ नका. नियम बदललाय. पकड कमरेच्या वर. हल्ला करताना पायाला हात गेला की थेट बाद."

सर हसले. "काय सांगताव साहेब! हॉलंडचे चॅम्पियन करत्यात हे. माझ्याकडं शीडी हाय."

"करायचे," पंच म्हणाले. "आता तेही करत नाहीत."

ते निघून गेले. सरांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्यांनी मला जिन्यापाशी नेलं.

"वंदे, हे सुजीच्या कानावर घालू नको. तिच्याकडं दुसरं हायच काय? ऐन टायमाला हात बांधले तर पोरगी नुसती उभी ऱ्हाईल. पंच काय एवढं काटेकोर नसत्यात. आन् नियम बदलला म्हनतंय, कुनी बदलला? आपल्याला कागूद आला का?"

मी मान हलवली. सरांना नाही म्हणायची आमच्याकडं रीत नव्हती. पण एवढंच सांगितलं तर मी स्वतःला फार स्वस्तात सोडते. मी पहिल्या फेरीत हरले होते आणि ती बुटकी तीन-तीन कुस्त्या मारून आली होती. आत कुठंतरी मला थोडं बरं वाटलं होतं. थोडंसंच. पण वाटलं होतं.

त्यानंतर मी तिची वेणी घातली. क्लिपा चालत नाहीत, म्हणून केस ओढून दोऱ्यानं बांधले. ती माझ्या पुढ्यात मांडी घालून बसली होती आणि माझं तोंड तिच्या कानापासून वीतभर अंतरावर होतं. चार शब्द लागले असते. पायाला हात लावू नको. ती एकदा म्हणाली, "घट्ट बांध गं, सुटंल." मी घट्ट बांधली.

कुस्ती सुरू झाली आणि संपली. समोरची पोरगी उंच होती, कॉलर धरायला तिनं हात वर केले, सुजाता खाली गेली आणि ती पोरगी धाडकन पाठीवर पडली. इतका स्वच्छ पट मी नंतर कधीच कुणाचा बघितला नाही. सुजाता उठली, अंगरखा सारखा केला आणि हसत आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. मॅटवर तेच चष्म्याचे पंच होते. त्यांनी कडेला बसलेल्या दुसऱ्या पंचांकडं बघितलं, मग सुजाताकडं बोट केलं आणि हात वर केला तो समोरच्या पोरीच्या बाजूनं. सुजाताला वाटलं, त्यांची काहीतरी गल्लत झाली. ती तशीच हसत उभी. रीतीप्रमाणं वाकून नमस्कारही केला. पुढच्या जोडीची नावं पुकारली तेव्हा कुठं तिचं हसू उतरलं.

नंतर ते पंच आमच्याकडं आले. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पुढच्या वर्षी ये, बाळ. हात चांगलाय तुझा." सरांनी तिला दंडाला धरून बाजूला ओढलं.

परतीच्या एसटीत झड आत येत होती. खिडकीची काच वर सरकत नव्हती. औसा मागं पडलं. मग सुजातानं विचारलं, "सर, माझं काय चुकलं?"

सर बाहेर बघत होते. रस्त्याच्या कडेला मुगाची रानं, तोडणी अर्धी झालेली.

"तुझं काय बी चुकलं न्हाय," ते म्हणाले. "तुझं आडनाव पुकारलं तवा त्या पंचाचं तोंड बघितलं न्हाईस तू. म्या बघितलं."

मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. सुजाता रडली नाही, चिडलीही नाही. खिडकीतून येणारं पाणी हातानं पुसत म्हणाली, "व्हय. माझ्याबी ध्यानात आलं हुतं."

हे वाक्य मला आजही झोपेतून उठवतं. तिच्या ध्यानात काय आलं होतं? काहीच आलं नव्हतं, येण्यासारखं काही घडलंच नव्हतं. पण तिनं आजवर इतक्या जागी ते बघितलं होतं की न घडलेल्या जागीही तिला ते दिसलं. वेगळी बादली तिला माहीत होती. तालमीचं दार माहीत होतं. सरांनी स्वतःची चूक झाकायला आमच्या सगळ्या गावाचं पाप पुढं केलं, आणि ते इतकं खरं पाप होतं की त्याच्याआड कुठलंही खोटं खपलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी तिचा पट्टा द्यायला तिच्या घरी गेले. सर आधीच येऊन बसले होते. तिचे वडील तक्रार करायची म्हणत होते. वरपर्यंत जाईन, लिहून देईन, बाबासाहेबांनी आम्हाला गप बसायला शिकवलं नाही, असं म्हणत होते. आणि पैलवान सर त्यांना हात जोडून समजावत होते.

"तक्रार करून काय हुनार? पोरीचंच नाव खराब हुईल. पुढं तिला कुनी उभं करायचं न्हाय."

तक्रार झाली असती तर चौकशी झाली असती आणि चौकशीत नियम निघाला असता. सरांचे हात कशासाठी जोडलेले होते ते त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं. मी पट्टा खिळ्याला अडकवला आणि बोलायची ती दुसरी संधीही सोडली. तिचे वडील खूप वेळानं शांत झाले. पण ती शांतता बरी नव्हती.

"मग ऱ्हाऊ द्या सर," ते म्हणाले. "जिथं पंच बी जात बघतो, तिथं पोरगी एकटी ठिवायची न्हाय मला. वसतिगृह बी नगं आन् काय बी नगं."

सुजाता दहावी पास झाली, माझ्याहून जास्त मार्कांनी. पुढं शिकली नाही. वडिलांबरोबर बांधकामावर गेली, दोन वर्षांनी लग्न झालं, अक्कलकोटच्या बाजूला दिली. नवरा चांगला आहे, पिकअप चालवतो. तिचं वाटोळं झालं असं मी म्हणणार नाही, तिला ते ऐकून राग येईल. पण जे व्हायचं होतं ते झालं नाही, एवढं तर खरं.

माझं मात्र झालं. मी अकरावीला मुरुमच्या कॉलेजात गेले, तरी संध्याकाळी शाळेच्या हॉलवर सरांकडं यायचे. पुढल्या वर्षी सरांनी ती सीडी कपाटात टाकली ती परत काढली नाही. खांब, जावई, पाटलीण, तिघंही कुलपात गेले. सरांनी कुठूनतरी नवे नियम मिळवले, चाळिशी लावून पाठ केले आणि मला कॉलर धरायला, कमरेवरून टाकायला शिकवलं. एकदाही म्हणाले नाहीत की हे का बदललं. मीही विचारलं नाही. मी राज्यात तिसरी आले. त्या पदकावर खेळाडूंच्या राखीव जागेतून मला नोकरी लागली. आज माझ्या कचेरीच्या खुर्चीत मी बसते तेव्हा सुजाताच्या अज्ञानाच्या किमतीवर मी शहाणी झाले, हे विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही.

आता मोबाईलवर हॉलंडच्या ज्युदोच्या वाटेल तेवढ्या कुस्त्या बघता येतात. मी बघते. तीच उंच माणसं, तेच जाड दंड. एकाचाही हात पायाकडं जात नाही. नियम बदलला तेव्हा त्यांनाही जुनी सवय मोडावी लागली असेल, चार शिव्याही त्यांनी दिल्या असतील. पण त्यांना कुणीतरी वेळेवर सांगितलं. त्यांच्यात आणि आमच्यात उंचीचा, दुधा-लोण्याचा फरक असेल तर असू द्या, तो भरून निघतो. सुजातानं भरून काढला होता. जगात काय बदललं हे आधी कुणाच्या कानावर जातं आणि ते पुढं सांगायचं की नाही हे कोण ठरवतं, हा खरा फरक. आमच्याकडं ते जिन्याखाली ठरलं होतं.

यंदा सर निवृत्त झाले. मागच्या पंधरवड्यात शाळेत सत्कार झाला, फेटा, शाल, नारळ. माजी विद्यार्थिनी म्हणून मला बोलायला उभं केलं. मी म्हणाले, सरांनी आमच्या गावात हॉलंड आणलं. टाळ्या पडल्या. सरांनी डोळे पुसले. खाली उतरल्यावर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. हात अजून तसाच कडक.

"तू लई पुढं गेलीस, वंदे," ते म्हणाले. "तू माझं ऐकलंस."

परवाच्या रविवारी सुजाता हॉलवर आली. दर वर्षी वर्षावासात ती चार दिवस माहेरी असते, संध्याकाळी विहारात ग्रंथवाचनाला बसते, सकाळी आईबरोबर मूग तोडते. बोटं काळी होती. बरोबर आठ-नऊ वर्षांची लेक, आईसारखीच बुटकी, आईसारखीच रुंद मनगटं. हॉलमध्ये आता खऱ्या मॅट आहेत. पोरीनं चप्पल काढली आणि न विचारता त्यावर जाऊन उभी राहिली.

"हिला शिकव," सुजाता म्हणाली. "तिकडं आमच्यात बी एक क्लास निघालाय, पर आधी तुझ्याकडनं एक गोष्ट शिकू दे. पट. बाकीचं काय शिकव न शिकव. तेवढा माझा डाव तिला येऊ दे."

मी पोरींच्या रांगा सरळ केल्या. उगाच एकीचा पट्टा सोडून पुन्हा बांधला. मग म्हणाले, "सुजे, तो डाव आता चालत नाही. पायाला हात लावायचा नाही, असा नियम आहे."

"आं?" ती म्हणाली. "कधीपासनं?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कुणी सरळ विचारलं होतं. बाहेर झड थांबली होती, हॉलमध्ये पंधरा पोरी रांगेत उभ्या होत्या. खरं सांगितलं तर तिच्याकडं काय उरेल, असं मी स्वतःला विचारलं. ते ढोंग होतं. माझ्याकडं काय उरेल, हे मी विचारत होते.

"यंदापासून," मी म्हणाले.

तिनं काळी बोटं पदराला पुसली. मग तिचा चेहरा मोकळा झाला.

"मंग ठीक हाय. म्हंजी माझ्या टायमाला डाव चालत हुता." आणि लेकीकडं वळून म्हणाली, "बघ, तुझ्या आयनं ती कुस्ती मारली हुती. एका पटात. पंचानं जात बघून घालीवली. ही तुझी मावशी हुती तिथं, इचार तिला."

पोरगी मॅटवरून माझ्याकडं बघत होती.

"व्हय का, मावशी?"

"व्हय," मी म्हणाले.